आडनाव सांतोस, भाषा तागालोग : फिलिपिनो माणसातलं स्पॅनिश नेमकं किती?

गलबत

आखातात, जहाजावर, इस्पितळात फिलिपिनो सहकारी असले की हा प्रश्न हमखास निघतो. आडनाव गार्सिया, रेयेस, मेंदोझा. पण स्पॅनिशमध्ये चार शब्द बोलायला जावं तर समोरचा नुसता हसतो. १५६५ ते १८९८ अशी ३३३ वर्षं स्पेनचं राज्य होतं. तेवढ्यात भाषा रुजली नाही आणि आडनावं मात्र चिकटली, हे कसं? आडनावांपासून सुरुवात करतो, कारण तिथे हुकूम आहे, तारीख आहे आणि यादीही आहे.

तारीख २१ नोव्हेंबर १८४९. गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी हुकूम काढला की प्रत्येक कुटुंबाला एक कायमचं आडनाव हवं. तोवर बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव मिळायचं, पण बापाचं आडनाव मुलाला असा प्रकार सरसकट नव्हता. भक्तिभावाने लोक 'दे ला क्रूझ' (क्रुसाचा) नाही तर 'दे लोस सांतोस' (संतांचा) लावायचे. सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी असायची. गाव सोडलं की नाव बदलायचं, आणि नाव बदललं की कर आणि वेठही सुटायची. पाद्र्यांची अडचण वेगळी होती : लग्न लावताना वधूवर एकमेकांच्या नात्यात आहेत की नाहीत हेच कळायचं नाही.

अंमलबजावणी अशी झाली. मनिलात एक वर्णानुक्रमी यादी छापली, १४१ पानांची, सुमारे ६१ हजार आडनावांची. त्यात स्पेनमधली आडनावं होतीच, शिवाय वनस्पती, प्राणी, खनिजं, गावं, कलाकुसर यांवरचे शब्द आणि मठवासी पाद्र्यांनी जमवलेले स्थानिक भाषांतले शब्द होते. प्रांताच्या प्रमुखाला (आल्काल्दे मायोर) लोकसंख्येच्या मानाने या यादीची पानं मिळाली, ती त्याने गावोगाव वाटली. गावात करवसुलीचा मुकादम म्हणजे काबेसा दे बारांगाय. त्याने पाद्री आणि गावप्रमुखासमोर एकेका कुटुंबप्रमुखाला उभं करायचं आणि गावाला आलेल्या पानांतलं एक आडनाव द्यायचं. पुढे तेच नाव चर्चच्या वहीत, तेच शाळेच्या पटावर. दुसऱ्या नावाचा कागद कचेरीत चालायचा नाही.

आता गंमत बघा. पान गावाला दिलं म्हणजे एका गावाला एकच अक्षर आलं. आल्बाय प्रांतात (आजचे आल्बाय, सोर्सोगोन आणि कातांदुआनेस मिळून तेव्हा एकच प्रांत) हे अजून नकाशावर वाचता येतं. प्रांताच्या मुख्य गावी 'ए', तिथून किनाऱ्याने ताबाको, तिवीकडे 'बी' आणि 'सी', मग सोर्सोगोनच्या किनाऱ्याने 'ई' ते 'एल', मग दारागापासून आतल्या खोऱ्यात 'एम'पासून पुढे, आणि उरलेली अक्षरं कातांदुआनेस बेटाभोवती. ओआस गावी 'आर' आलं, म्हणून तिथल्या जुन्या घराण्यांची आडनावं आजही 'आर'वरून सुरू होतात.

तेव्हा गार्सिया या आडनावावरून रक्त कळत नाही. फार तर खापरपणजोबांच्या गावाला यादीतलं कुठलं पान आलं ते कळतं.

नोंदवही

उत्तम धागा. दोन पुरवण्या जोडतो.

पहिली, सूट कुणाला मिळाली. चार पिढ्या एकच आडनाव चालत आल्याचं दाखवता आलं तर ते ठेवता यायचं. मात्र दे ला क्रूझ, दे लोस सांतोस यांना ही सूटही नव्हती, कारण सगळा घोळ त्यांनीच घातला होता. आणि तरी आज देशातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत देला क्रूझ आणि सांतोस आहेतच. म्हणजे हुकूम जसाच्या तसा अमलात आला हे समजू नका. बिकोलमध्ये (आल्बायचाच भाग) अक्षरांची माळ नीट लागली, मनिलाच्या आसपास पुष्कळांनी जुनं नाव तसंच दडपून ठेवलं.

दुसरी, सगळी आडनावं स्पॅनिश नाहीत. ओळखायची खूण सांगतो.

शेवटी 'को' असेल तर बहुधा चिनी मूळ. दक्षिण फूच्येनच्या होक्किएन बोलीत 'को' म्हणजे थोरला भाऊ, मानाने लावायचा. माजी राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांचं माहेरचं आडनाव कोहुआंको, ते यातलंच. शेवटी 'सोन' असेल तर तोही होक्किएन, अर्थ नातू, आणि आधी क्रमांक : लाकसोन म्हणजे सहावा नातू, तुआसोन म्हणजे थोरला नातू. सामसोन बायबलमधला वाटतो खरा, पण अनेक घरांत तो फक्त तिसरा नातू आहे!

तागालोग आडनावं तर थेट शब्दच आहेत. काताकुतान म्हणजे भय. दिमाकुलांगान म्हणजे ज्यात उणं पडत नाही असा. आणि आपण मराठीत ज्याला मॅगसेसे म्हणतो, १९५८ साली विनोबांना ज्याच्या नावाचा पुरस्कार मिळाला, ते राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय. 'सायसाय' म्हणजे सांगणं, कथन. स्पॅनिशचा त्यात काही संबंध नाही.

आगबोट

वाचनखूण साठवली. कागदपत्रं हाताळणाऱ्यांसाठी एक व्यवहारातली भर, कारण मराठी माणूस इथे नक्की चुकतो.

आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. फिलिपिनो माणसाचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. होझे सांतोस रेयेस असेल तर बापाचं आडनाव रेयेस, आईचं माहेर सांतोस. जुन्या स्पॅनिश रीतीने हेच होझे रेयेस इ सांतोस असं उलट लिहिलं जायचं. अमेरिकन आले आणि त्यांच्या साच्यात आईचं आडनाव मधे सरकलं. सख्ख्या भावंडांची मधली नावं म्हणूनच सारखी असतात. फॉर्म तपासताना 'मधलं नाव = वडील' धरलं की पुढचं सगळं बिघडतं.

लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव लावलं की तिचं माहेरचं आडनाव मधे येतं, आणि आधीचं मधलं नाव, म्हणजे तिच्या आईचं आडनाव, गळून पडतं. त्यामुळे लग्नाआधीची पदवी आणि नंतरचा पासपोर्ट यांत मधलं आणि शेवटचं अशी दोन्ही नावं बदललेली दिसतात. यात खोटेपणा नाही, विवाह नोंदणीचा दाखला मागावा. आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल आणि मूल आईचं आडनाव लावत असेल तर मधलं नाव नसतंच. तिथे 'लागू नाही' लिहून घ्यावं, काहीतरी भरायला लावू नये.

'देला क्रूझ', 'दे लेओन' यांत 'दे' आडनावाचाच भाग आहे. यादी 'डी'खाली लावायची, 'सी' किंवा 'एल'खाली शोधत बसू नये. 'मा.' दिसलं तर ते मारिया. आणि शेपटीवाला 'एन्य' पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत साधा 'एन' होतो. तिकिटावर तोच ठेवावा.

हरकतीचा मुद्दा

आडनावांचं पटलं. पण मूळ प्रश्नाचं उत्तर 'पाद्र्यांनी मुद्दाम स्पॅनिश शिकवलं नाही' एवढंच ना? भाषा आली की लोक कायदे वाचतील, म्हणून दाबून ठेवली. यात एवढं गूढ काय?

गलबत

@हरकतीचा मुद्दा, ते एक कारण आहे, पण एकटं पुरत नाही. मेक्सिकोतही पाद्री तेच होते आणि तिथे स्पॅनिश रुजली.

पहिली गोष्ट अंतराची. स्पेनहून माणूस यायचा तो मेक्सिकोमार्गे. १८२१ पर्यंत फिलिपिन्सचा कारभार न्यू स्पेनच्या, म्हणजे मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. मनिला-आकापुल्को गलबत १५६५ ते १८१५ चालू होतं. जाताना चिनी रेशीम, येताना मेक्सिकोची चांदी. मनिलाहून आकापुल्कोला पोचायला चार ते सहा महिने. एवढ्या लांब संसार घेऊन कोण येतो? आलेले स्पॅनिश लोक मनिलाच्या तटबंदीत, इंत्रामुरोसमध्ये राहिले. बाहेरच्या कित्येक गावांत एकमेव स्पॅनिश माणूस म्हणजे पाद्री. हजारभर कुटुंबांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा एकट्याने तागालोग किंवा इलोकानो शिकणं सोपं, आणि त्यांनी तेच केलं. १५९३ साली मनिलात छापलेली ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका स्पॅनिश आणि तागालोग अशी दुभाषी आहे. धर्म लोकांपर्यंत पोचला तो त्यांच्याच भाषांतून.

दुसरी गोष्ट शाळांची. गावागावांत मुलांची एक आणि मुलींची एक सरकारी प्राथमिक शाळा काढायचा हुकूम आला १८६३ मध्ये. राज्य संपलं १८९८ मध्ये. मधे उरली ३५ वर्षं, तीही शिक्षकांच्या तुटवड्यात.

तिसरी, अमेरिकन. ऑगस्ट १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजाने सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि शाळा इंग्रजीतून सुरू झाल्या. न्यायालयं आणि विधिमंडळात स्पॅनिश पुढेही काही दशकं होती. १९३५ च्या राज्यघटनेत इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही अधिकृत आहेत. पण मुलं घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी असं किती दिवस चालणार?

चौथी, १९४५. फेब्रुवारी-मार्चमधल्या मनिलाच्या लढाईत इंत्रामुरोस आणि एर्मिता हे स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांचे भाग जमीनदोस्त झाले. शहरात सुमारे एक लाख नागरिक मेले. भाषा टिकवणारी वस्तीच गेली.

त्यानंतरचा प्रयोग म्हणजे सक्ती. १९५२ पासून महाविद्यालयात १२ एकक स्पॅनिश, १९५७ च्या कायद्याने काही शाखांना २४. शिक्षक कमी, बोलायला समोर कुणी नाही, उद्देश परीक्षा. पिढ्यान् पिढ्या क्रियापदं पाठ करून विसरल्या आणि भाषेबद्दलचा राग तेवढा शिल्लक राहिला. १९८७ च्या घटनेत अधिकृत भाषा फिलिपिनो आणि इंग्रजी. स्पॅनिश ऐच्छिक म्हणून अरबीच्या शेजारी जाऊन बसली.

एक अपवाद : झाम्बोआंगा आणि काविते इथली चावाकानो. शब्द स्पॅनिश, व्याकरणाचा सांगाडा स्थानिक भाषांचा. झाम्बोआंगाला १६३५ मध्ये किल्ला बांधायला ठिकठिकाणचे सैनिक आणि मजूर आणले, त्यांना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं होतं.

सुरंगी

भाषा गेली म्हणता, पण शब्द कुठे गेले? तागालोगमध्ये ते हजारोंनी आहेत. वार पूर्ण स्पॅनिश : लुनेस, मार्तेस, मियेर्कोलेस… रविवार तेवढा दोमिंगोचा झिजून लिंगो. मोजायला स्वतःचे इसा, दालावा, तात्लो. पण घड्याळात 'आलास त्रेस'. टेबल मेसा, खिडकी बिंताना, चमचा कुत्सारा. एकच बूट असला तरी सापातोस, कारण अनेकवचनच उचललं. 'कुमुस्ता' हा 'कोमो एस्ता'चा.

फसवे शब्द जास्त मजेचे. स्पॅनिशमध्ये 'सेगुरो' म्हणजे खात्रीने. तागालोगमध्ये 'सिगुरो' म्हणजे बहुतेक! फिलिपिनो मुकादम 'सिगुरो' म्हणाला तर काम आज होईलच असं धरू नये. 'देलिकादो' म्हणजे नाजूक नव्हे, धोक्याचं. 'लिब्रे' म्हणजे फुकट.

आणि हे शब्द कोणत्या शतकात आले तेही उच्चारावरून सांगता येतं. आजच्या स्पॅनिशमध्ये साबण म्हणजे 'हाबोन'. सोळाव्या शतकात तोच उच्चार 'शाबोन'सारखा होता. तागालोगमध्ये तो 'साबोन' आहे, म्हणजे 'श'चा 'ह' होण्याआधी उचललेला. (आपला साबण पोर्तुगीज की अरबी, हा वाद इथे नको.) जुगारासाठीचा 'सुगाल' तसाच : आजचा 'हुगार', तेव्हाचा 'शुगार'.

मेक्सिकोचा मुद्दा वर आलाच आहे, त्याचा पुरावा भाजीबाजारात मिळतो. टोमॅटो कामातिस, रताळं कामोते, मिरची सिली, सीताफळ आतिस, आठवडी बाजार तियांगे. हे शब्द मूळ स्पेनचे नाहीतच, मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून गलबतात चढलेले. चिकूही त्यातलाच, आपल्याकडे चिकू, तिकडेही चिको. उलट दिशेने आंबा गेला. मेक्सिकोत अजून एका जातीला 'मनिला' म्हणतात, जसा आपल्याकडे गोव्याच्या पोर्तुगीजांमुळे हापूस.

पायमोड

सगळे १५६५ पासून सुरुवात करताहेत, म्हणून थोडं मागे नेतो. मराठी वाचकाला तर हे आवडायलाच हवं.

१९८९ मध्ये लागुना प्रांतात लुम्बान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना एक तांब्याचा पत्रा सापडला, साधारण २० गुणिले ३० सेंटिमीटरचा. लिपी जावाची जुनी कावी, भाषा जुनी मलय. सुरुवात अशी : स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. आपल्या पंचांगातली ओळ वाटते ना? इंग्रजी तारीख २१ एप्रिल ९००. मजकूर नाम्वारान नावाच्या माणसाच्या कर्जमुक्तीचा आहे. एक काती आणि आठ सुवर्ण (दोन्ही वजनाची मापं) एवढं सोनं देणं होतं ते माफ झालं, आणि त्याची मुलंबाळंही मोकळी झाली. मॅगेलन १५२१ मध्ये आला त्याच्या ६२१ वर्षं आधी तिथे शके मोजले जात होते आणि कर्जफेडीची पावती तांब्यावर कोरली जात होती.

तागालोगमधले संस्कृत शब्द वेगळे सांगायला नकोत : गुरो, मुखा (चेहरा), आसा (आशा), साक्सी (साक्षीदार), दिवाता (देवता), दुखा (गरीब).

स्पॅनिश आले तेव्हा वापरात असलेली लिपी बायबायिन. तीही ब्राह्मीच्याच कुळातली. १७ चिन्हं : ३ स्वर, १४ व्यंजनं, आणि प्रत्येक व्यंजनात आपल्यासारखाच 'अ' मुरलेला. वर टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ. या टिंबाला कुद्लित म्हणतात. पण पाय मोडायची सोय नव्हती. शब्दाच्या शेवटी किंवा मधे सुटं व्यंजन आलं की ते लिहायचंच नाही. 'बुंदोक' (डोंगर) लिहायचं 'बुदो', वाचणाऱ्याने संदर्भाने भरून घ्यायचं. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने इलोकानो पुस्तकासाठी क्रुसाच्या आकाराचा कुद्लित खाली दिला, तोच त्यांचा पायमोड. तेव्हा स्थानिक लोकांनी तो फारसा स्वीकारला नाही.

आज बायबायिन अस्मितेची खूण झाली आहे. नोटांवर आहे, पासपोर्टवर आहे, दंडावर गोंदवलेलीही दिसते. गोंदवण्याआधी तीन गोष्टी बघाव्या. इंग्रजी स्पेलिंगवरून अक्षर बदलणारी ॲप वापरू नयेत, आधी उच्चार लिहून काढावा. जुनी पद्धत (सुटी व्यंजनं गाळून) की क्रुसाची, हे आधी ठरवावं. एकाच शब्दात दोन्ही मिसळली की वाचता येत नाही. आणि कुद्लितची जागा गोंदवणाऱ्याला दाखवून द्यावी. टिंब वरचं खाली गेलं की 'बि'चा 'बु' होतो.

हरकतीचा मुद्दा

@पायमोड, छान आहे, पण यातून 'स्पॅनिशांनी येऊन सुवर्णकाळ बुडवला' हा नेहमीचा सूर निघतो. फिलिपिन्स नावाचं काही तेव्हा होतं का? बेटांना फिलिपिनास नाव दिलं १५४३ मध्ये व्हियालोबोस या स्पॅनिश दर्यावर्दीच्या मोहिमेने, तेही दोनतीन बेटांपुरतं, स्पेनचा युवराज फिलिपच्या नावाने. मुळात सीमा स्पेनने आखली, देश त्यातून झाला.

पायमोड

सुवर्णकाळ असं कुठेही म्हटलेलं नाही. कर्जापायी अख्खं कुटुंब बांधलं जात होतं हे त्याच पत्र्यात लिहिलं आहे.

गलबत

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. 'फिलिपिनो' या शब्दाचाच प्रवास बघा. आधी त्याचा अर्थ होता फिलिपिन्समध्ये जन्मलेला स्पॅनिश. स्पेनमध्ये जन्मलेला तो पेनिन्सुलार आणि सगळ्यात वर. मिश्र तो मेस्तिसो, चिनी तो सांग्ले, आणि स्थानिक माणूस 'इंदिओ'. चिडवायचा, हिणवायचा शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुईस रोद्रीगेझ बारेला हा क्रिओल, म्हणजे तिथेच जन्मलेला स्पॅनिश, स्वतःला 'एल कोन्दे फिलिपिनो' (फिलिपिनो सरदार) म्हणवायचा, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे शेतकरी इंदिओ नव्हता.

बदल घडला तो १८७२ नंतर. जानेवारीत कावितेच्या शस्त्रागारात बंड झालं, आणि १७ फेब्रुवारीला गोमेझ, बुर्गोस, झामोरा या तीन पाद्र्यांना गळा आवळून देहदंड दिला गेला. तिघांचा खरा गुन्हा हा की चर्चचे परगणे स्पॅनिश मठवाल्यांकडून काढून देशातल्या पाद्र्यांना द्या, अशी मागणी ते करत होते. देशाचा राष्ट्रपुरुष, कादंबरीकार होझे रिझाल याचं आडनावही यातच अडकलं आहे. घराणं मेर्कादो, पण थोरला भाऊ पासियानो बुर्गोसच्या जवळचा म्हणून ते नाव संशयाचं झालं, आणि धाकट्या होझेला शाळेत रिझाल या नावाने घातलं. पुढे स्पेनमध्ये शिकणाऱ्या त्याच्या पिढीने 'ला सोलिदारिदाद' हे पाक्षिक चालवलं (१८८९ ते १८९५), आणि त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच्या मंडळाला 'इंदिओस ब्राव्होस', शूर इंदिओ, असं नाव दिलं. शिवी होती तीच मिरवली. याच लिखाणातून 'फिलिपिनो' हा शब्द बेटांवरच्या सगळ्यांसाठी वापरात आला.

आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये. १८९९ ची मालोलोसची घटना स्पॅनिशमध्ये, राष्ट्रगीताचे पहिले शब्द स्पॅनिशमध्ये, रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये. १९५६ च्या कायद्याने त्या प्रत्येक शाळेत शिकवणं सक्तीचं केलं (चर्चचा कडाडून विरोध होता), तर मुलं त्या वाचतात इंग्रजी किंवा तागालोग भाषांतरात. राष्ट्रपुरुषाचं मूळ लिखाण राष्ट्राला वाचता येत नाही. हा विरोधाभास मला आडनावांपेक्षाही बोचरा वाटतो. सामान्यांची चळवळ मात्र वेगळ्या भाषेत झाली : १८९२ मध्ये बोनिफासिओने काढलेल्या कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे कागद तागालोगमध्ये आहेत.

आगबोट

सीमेचा मुद्दा अर्धाच राहिला. दक्षिणेतले मुसलमान, मिंदानाओ आणि सुलूचे, यांना स्पेनने पुरतं कधीच जिंकलं नाही. तीनशे वर्षं चकमकी. त्यांना 'मोरो' नाव दिलं तेही स्पेनच्या स्वतःच्या जुन्या वैऱ्यावरून, मूरांवरून. लुझोनच्या कोर्दिलेरा डोंगरातले इगोरोतही बऱ्याच अंशी हाताबाहेर राहिले. आडनावांची यादी, चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्यात वसवलेलं गाव, चौक आणि चर्च, हे सगळं सखल भागातल्या ख्रिस्ती वस्तीचं. मग 'आपण सगळे एकाच इतिहासाचे' असं म्हटलं की मोरो विचारतो, कोणत्या? २०१९ मध्ये बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश झाला तो या जुन्या प्रश्नाचाच पुढचा अध्याय.

देशाचं नाव बदलावं ही कल्पनाही अधूनमधून येते. १९७८ मध्ये 'माहार्लिका' नावाचं विधेयक आलं, २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते पुन्हा तेच बोलले. शब्द संस्कृत 'महर्द्धिक'चा, म्हणजे मोठ्या ऋद्धीचा. मलयमधला 'मर्देका' (स्वतंत्र) याच मुळाचा. लोक समजतात माहार्लिका म्हणजे राजघराणं. जुन्या तागालोग समाजात तो होता सरदाराच्या हाताखालचा, लढाईला जाणारा मोकळा शिपाईगडी.

सुरंगी

गोव्याची तुलना कुणीच केली नाही म्हणून. गोव्यात आडनावं बाप्तिस्म्याबरोबरच आली, सोळाव्या शतकापासून. पाद्री किंवा धर्मपिता जो असेल त्याचं फेर्नांदिश, डिसोझा. फिलिपिन्समध्ये बाप्तिस्म्याला पहिलं नाव मिळालं, आणि कायमच्या आडनावासाठी सर्वसामान्य माणूस जवळजवळ तीनशे वर्षं थांबला, तेही कचेरीसाठी. म्हणून गोव्यात धर्म बदलला तिथे आडनाव बदललं. फिलिपिन्समध्ये यादी गावभर सरसकट फिरली.

शिवाय १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच. त्या साठ वर्षांत गोवा आणि मनिला एकाच माणसाच्या मुकुटाखाली होते.

वसईची केळी

@सुरंगी, त्याच साठ वर्षांतला आपला माणूस राहिला! संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण १५५७. आधी जपानात व्यापार, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन मठात बंधू झाले. जपानी उत्तम यायची म्हणून १५९३ मध्ये मनिलाच्या शिष्टमंडळाबरोबर दुभाषी म्हणून गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. १८६२ मध्ये संत घोषित. फिलिपिन्सचे पहिले संत लोरेन्झो रुईझ हेही नागासाकीतच हुतात्मा झाले, ४० वर्षांनी.

नोंदवही

अवांतर : भारतीय माणसाला तागालोगमध्ये 'बुम्बाय' म्हणतात, म्हणजे बॉम्बेवाला, मग तो पंजाबी का असेना. दुचाकीवर फिरून पाच देऊन सहा वसूल करणारे सावकार बहुतेक पंजाबी. आणि मोठा कांदा म्हणजे 'सिबुयास बुम्बाय'.

गलबत

क्लाव्हेरियाबद्दल एक राहिलं. आडनावांच्या आधी या गृहस्थाने तारीखही दुरुस्त केली होती. स्पॅनिश लोक मेक्सिकोवरून पश्चिमेकडे येत मनिलाला पोचले, म्हणून त्यांची तारीख शेजारच्या मकाव आणि बटाव्हियापेक्षा (आजचं जकार्ता) एक दिवस मागे चालायची. अडीचशेहून जास्त वर्षं तसंच चाललं. शेवटी १८४४ मध्ये हुकूम निघाला की यंदा ३१ डिसेंबर वगळायचा. सोमवार ३० डिसेंबर १८४४ नंतर थेट बुधवार १ जानेवारी १८४५. जुने दस्त बघताना फिलिपिन्सचा '३१ डिसेंबर १८४४' दिसला तर तो कागद संशयास्पद समजावा, आणि त्याआधीच्या तारखा मकावच्या नोंदींशी जुळवताना एक दिवस मिळवून घ्यावा.

हरकतीचा मुद्दा

म्हणजे वार लुनेस, मार्तेस हे स्पॅनिश, आणि त्यातला एक मार्तेस पुन्हा स्पॅनिशांनीच काढून घेतला. सिगुरो!